निरोगी पेशींची साक्ष

१

निरोगी पेशी जखमी निघाल्या, आणि प्रयोगशाळेतल्या सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

सोमवारची सकाळ होती. तपासायला अल्माटीला पाठवलेल्या नमुन्यांचे आकडे तीन आठवडे वाट पाहिल्यावर आले होते. बेगायिमनं ते संगणकावर उघडले आणि ती गप्प बसली. ही पोरगी एरवी दोन मिनिटं गप्प राहत नाही, म्हणून मी हातातलं काम ठेवलं आणि तिच्या खांद्यावरून डोकावले. खरं सांगते, आधी मला बरं वाटलं. वाईट नंतर वाटलं.

आमचं काम सांगायला सोपं आहे. शस्त्रक्रियेत काढलेल्या मूत्रपिंडाचा चांगला तुकडा रुग्णाच्या संमतीनं आमच्याकडे येतो. त्यातल्या पेशी आम्ही बशांमध्ये वाढवतो. निम्म्या बशा उबदार कपाटात सुखानं राहतात. उरलेल्या निम्म्या दुसऱ्या कपाटात जातात. तिथं प्राणवायू नावालाच असतो, म्हणून त्याला आम्ही गुदमरपेटी म्हणतो. एक दिवस गेला की दोन्हीकडच्या पेशी फोडून त्यांतला आरएनए काढायचा. पेशीनं कुठली जनुकं जागी केली आणि कुठली झोपवली हे त्यावरून कळतं. गुदमरलेली पेशी शेकडो जनुकं जागी करून बोंब ठोकते, तर सुखातली पेशी मुकाट्यानं आपलं काम करते. दोघींतला फरक नीट समजला, तर रक्तपुरवठा तुटलेलं एखाद्याचं मूत्रपिंड उद्या वाचवता येईल.

तीन रुग्णांच्या पेशी घेतल्या होत्या. पहिल्या दोघांचं छान जमलं होतं. तिसरा रुग्ण नारिनकडचा एक मेंढपाळ, आणि त्याच्या सुखातल्या पेशीही बोंबलत होत्या. प्रयोग पुन्हा करायला आता त्या पेशी उरल्या नव्हत्या.

"हे आपोआप झालेलं नाही. कोणीतरी केलंय," बेगायिम म्हणाली. ती माझ्याकडे बघायचं टाळत होती, आणि ते टाळणं सगळ्यांना दिसत होतं.

मी आयसाल्किन. वय चव्वेचाळीस, या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं. आरएनए काढण्यात बिश्केकमध्ये माझा हात धरणारं कोणी नाही. बेगायिम आली चार वर्षांपूर्वी, वेणीला रंगीत रबर लावून. नळी कशी धरायची हे तिला मी शिकवलं. आता तिला जर्मनीतल्या एका विद्यापीठाचं बोलावणं आलं होतं. शोधनिबंधावर तिचं नाव पहिलं, माझं चौथं. तिला नवं काही मिळालं की माझ्या पोटात दुखायचं, आणि तिला सारखं काही ना काही मिळतच होतं.

दुपारी प्रमुखबाईंनी, रोझा असानोव्नांनी, मला खोलीत बोलावलं. त्यांनी स्वतः चहा ओतला आणि पियाली काठोकाठ भरली. आमच्याकडे पाहुण्याला अर्धीच पियाली देतात, म्हणजे पुन्हा पुन्हा विचारता येतं. काठोकाठ भरली याचा अर्थ, प्या आणि चालू लागा.

"बेगायिमनं लेखी तक्रार दिली आहे. शुक्रवारी समिती बसेल," त्या म्हणाल्या. "त्यात तुझ्या एकटीचं नाव आहे."

२

चौकशीला आले केनेश आगाय; आगाय म्हणजे गुरुजी. तीस वर्षं शवचिकित्सा करून निवृत्त झालेला माणूस. खिशात कायम कुरुतच्या, म्हणजे सुकवलेल्या दह्याच्या, गोळ्या. एक तोंडात टाकायची आणि ती विरघळेपर्यंत समोरच्याला बोलू द्यायचं, ही त्यांची पद्धत. मेलेल्यांना घाई नसते, त्यामुळे मला ऐकायची सवय आहे, असं ते म्हणत.

त्यांनी कागदावर चार नावं लिहिली: रोझा असानोव्ना, बेगायिम, झानार्बेक आणि मी. प्रयोगशाळेत काम करणारे एवढेच, असं रोझा असानोव्नांनी सांगितलं होतं आणि मीही मान डोलावली होती.

झानार्बेक आमच्यातला एकटा पुरुष. बेगायिम गळाली तर जर्मनीला तो जाणार होता, यादीत त्याचं नाव दुसरं होतं. मला व्हरांड्यात गाठून तो म्हणाला, "एजे, आळ तुमच्यावर आला ते एक बरं झालं. नाहीतर माझ्यावरच आला असता." एजे म्हणजे थोरली बहीण. थोरल्या बहिणीशी असं बोलतात का, हे त्याच्या आईनं त्याला शिकवलेलं दिसत नाही.

आगायांनी बेगायिमचीही उलटतपासणी केली. स्वतःचं काम फसतंय असं दिसलं की ते मुद्दाम नासवून दुसऱ्यावर ढकलणारे लोक त्यांनी पाहिले होते. ती त्यांच्यासमोर रडली. रडतानाही ती सुंदर दिसत होती असं झानार्बेक नंतर म्हणाला, आणि मला तेही खुपलं.

मग माझी पाळी आली. तीन आठवड्यांपूर्वीच्या त्या गुरुवारी दुपारी बाराला पेशी दोन कपाटांत गेल्या होत्या, शुक्रवारी बाराला त्या माझ्या हातात आल्या. जे काही झालं ते या चोवीस तासांत. रात्री इमारतीला टाळं असतं, पहारेकऱ्यानं कोणाला आत सोडलं नव्हतं. दिवसभर प्रयोगशाळेत कोणी ना कोणी होतंच. अपवाद एकच: गुरुवारची जेवणाची वेळ. आदल्या दिवशी बेगायिमचं जर्मनीचं पत्र सगळ्यांसमोर वाचलं गेलं होतं, म्हणून गुरुवारी खानावळीत तिच्या नावानं केक कापला गेला. सगळे तिथं होते.

"तू नव्हतीस," आगाय म्हणाले.

"नव्हते."

"मग कुठं होतीस?"

"मागच्या अंगणात. बॉयलरच्या भिंतीकडे तोंड करून बाकावर बसले होते."

"थंडीत? रडत होतीस?"

"नाही आगाय. जळत होते."

त्यांनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "कोणी पाहिलं तुला?"

कोणीही पाहिलं नव्हतं. हेव्यापायी मी केक सोडला आणि केकबरोबर तीन साक्षीदारही. शेरा मारून नोकरीवरून काढलं, तर या शहरात दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेचं दार मला उघडणार नव्हतं. पेशी सोडून मला दुसरं काही येत नाही, भाकरीसुद्धा माझी फुगत नाही.

"ठीक आहे," आगाय म्हणाले. "चारही माणसं मला खरं सांगणार नाहीत. मग ज्यांच्यावर प्रसंग गुदरला त्यांनाच विचारू. त्या पेशींची भाषा तुला येते ना? मला वाचून दाखव."

आरोपीनंच पुरावा वाचायचा होता. मी संगणक उघडला, आणि पहिल्याच पानावर मला घाम फुटला.

३

घाम फुटायचं कारण असं की त्या यादीत किम-वन वर होतं. मूत्रपिंडाची पेशी घायाळ झाली की हे जनुक सगळ्यांत आधी ओरडतं. म्हणजे पेशींना खरंच इजा झाली होती, मोजण्यात चूक नव्हती. आणि त्यांना शेवटचा हात माझा लागला होता.

"थांब," आगाय म्हणाले. "मी मूर्ख आहे असं समज आणि एकेक शंका काढून टाक. बेगायिम म्हणते तू नळ्यांची अदलाबदल केलीस."

"अदलाबदल असती तर एक गट बोंबलला असता आणि दुसरा गप्प राहिला असता. इथं दोन्ही गट बोंबलतायत."

"मग तुझ्या हातात आरएनए खराब झाला असेल."

मला राग आला. "खराब आरएनएचे तुकडे होतात. अल्माटीवाल्यांनी नळ्या येताच त्याची प्रत तपासली, दहापैकी साडेनऊ गुण. माझ्या हाताची प्रत कधी नऊच्या खाली गेलेली नाही."

"बरं. कोणीतरी सुखातल्या पेशींचा प्राणवायू तोडला."

मी प्राणवायूची भूक दाखवणारी जनुकं शोधली. गुदमरपेटीतल्या पेशींमध्ये ती सगळी पेटलेली होती. उबदार कपाटातल्या पेशींमध्ये ती शांत झोपली होती. म्हणजे त्या गुदमरल्या नव्हत्या, त्यांना दुसऱ्याच कशानं तरी चावलं होतं.

एव्हाना मी आरोपी आहे हे विसरले होते. यादी उलटी लावली. पहिल्या दोन रुग्णांच्या सुखातल्या पेशींच्या तुलनेत या पेशींमध्ये सर्वांत जास्त काय वाढलं, हे पाहायचं होतं. किम-वन पाचव्या पानावर गेलं. सर्वांत वर एक भलतंच जनुक आलं. त्याचं नाव लांबलचक आहे, आम्ही सिप म्हणतो. मूत्रपिंडाच्या पेशीत ते जवळजवळ निजलेलंच असतं. इथं ते नेहमीच्या दोनशे पट जागं होतं. गुदमरपेटीतल्या पेशींमध्ये मात्र त्याचा मागमूस नव्हता.

"हे कशानं जागं होतं?" आगायांनी विचारलं.

माझ्या डोळ्यांसमोर एकच माणूस आला, आणि मला हसू यायला लागलं.

"धुरानं," मी म्हणाले. "लाकूड, कोळसा, तंबाखू, काहीही जाळा. पेशीत धूर शिरला की ती धुराची घाण निस्तरायला सिपला उठवते."

आमच्या प्रयोगशाळेत धूर काढणारा एकच होता.

४

झानार्बेक दिवसाला एक पाकीट ओढतो. बुधवारी आगायांनी त्याला विचारलं तेव्हा तो आधी हसला आणि मग पांढराफटक पडला. त्या केकच्या गुरुवारी खाता खाता तो दहा मिनिटं उठून गेला होता, हे त्याला कबूल करावं लागलं. जिन्यात उभा राहून सिगारेट ओढली, वर गेलोच नाही, असं तो शपथेवर सांगत होता. बेगायिमनं त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर दोन दिवस माझ्या वाट्याला होती. ती दुसऱ्याकडे गेलेली पाहून मला जे समाधान वाटलं ते सांगायची लाज वाटते, पण वाटलं.

आगायांना मात्र समाधान नव्हतं. त्यांनी मलाच विचारलं, "हिवाळ्यात सगळं बिश्केक कोळशाच्या धुरात बुडालेलं असतं. तो धूर का नसेल?"

"मग सगळ्याच हिवाळी पेशींत सिप जागं दिसलं असतं. पहिल्या दोघांच्या पेशी डिसेंबर-जानेवारीतल्याच आहेत."

"आणि झानार्बेकची सिगारेट?"

हे मला आवडत नव्हतं, पण उत्तर तेच होतं. तो चार वर्षं ओढतोय. कपड्यांना वास घेऊन तो रोज त्या कपाटाजवळ येतो. तेवढ्यानं होणार असतं तर केव्हाच झालं असतं. दोनशे पट व्हायला धूर कपाटाच्या आत जायला हवा.

"या कपाटाला स्मरणशक्ती असते का?" आगायांनी विचारलं.

असते. दार उघडलं की आतली ऊब उतरते, आणि कपाट ते लिहून ठेवतं. कोणी ते कधी वाचत नाही. आम्ही वाचलं. तोच गुरुवार, दुपारी बारा वाजून पन्नास मिनिटं: दार चार मिनिटं उघडं.

चार मिनिटं. आम्ही दार उघडतो ते अर्ध्या मिनिटासाठी. पेशी गारठतात हे पहिल्या आठवड्यात शिकवलं जातं, आणि विसरलं तर रोझा असानोव्ना आयुष्यभर लक्षात राहील असं बोलतात.

आगायांनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवला आणि कपाटाच्या आतल्या छतावरून फिरवला. छत आम्ही कधी पुसत नाही, हात पोचत नाही. बोळा पिवळट तपकिरी झाला. त्यांनी तो हुंगला, भुवया वर गेल्या. मग सगळ्यांना बोलावून एकेकाच्या नाकाखाली धरला.

स्पिरिट उडालं की मागे तो वास उरत होता. झानार्बेकनं हुंगला आणि खाली बघितलं. बेगायिमनं हुंगला आणि पुन्हा एकदा हुंगला. प्रयोगशाळेत कधी न बसणाऱ्या रोझा असानोव्ना खुर्ची ओढून बसल्या. मी हुंगला आणि मला माझी आजी आठवली. आमच्यात असा एकही माणूस नसेल ज्याच्या पाळण्याभोवती हा धूर फिरवला गेला नाही.

"आर्चा," आगाय म्हणाले. डोंगरातलं ते सुगंधी झुडूप. आजारपण आलं, नवं घर घेतलं, कोणाची वाईट नजर लागली की त्याच्या सुक्या डहाळ्या पेटवून धूर फिरवायचा. दृष्ट काढायची.

आमच्या कपाटाची दृष्ट काढली होती कोणीतरी. पण चौघांपैकी कोणी?

५

चौकशीच्या आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी मी बाकावर जाऊन बसले, त्याच बॉयलरच्या भिंतीकडे तोंड करून. दुसऱ्या दिवशी समिती होती. आणि माझ्या लक्षात आलं की आम्ही सगळेच उलट्या बाजूनं चाललो होतो.

मला बेगायिमचं काम नासवायचं असतं तर मला तीस रस्ते माहीत आहेत. वायूचा खटका तासभर बंद केला असता. बशीत एक थेंब पाणी जास्त टाकलं असतं. झानार्बेकलाही तेवढंच माहीत आहे. ज्याला पेशी कळतात तो त्यांना मारायला डहाळ्या पेटवत बसणार नाही. आणि आर्चा कोणी वाईटासाठी जाळत नाही. आर्चा जाळतात ती भलं व्हावं म्हणून. चार दिवस आम्ही हेवा करणारा माणूस शोधत होतो. शोधायला हवा होता माया करणारा. बेगायिमवर माया करणारा, पेशी गारठतात हे ठाऊक नसलेला आणि सगळ्या दारांच्या किल्ल्या जवळ असलेला.

चार नावांच्या कागदावर पाचवं नाव का नव्हतं, ते तेव्हा माझ्या डोक्यात आलं. काचेची भांडी धुणाऱ्या बाईला आम्ही प्रयोगशाळेतलं माणूस म्हणून मोजलंच नव्हतं. मीसुद्धा नाही, एकोणीस वर्षांत.

उम्सुनाय आपा धुण्याच्या खोलीत बाटल्या उपड्या घालत होत्या. सत्तरीच्या, नारिनकडच्या, बेगायिमच्या गावापासून दोन खोरी पलीकडच्या. मी दार लावून घेतलं आणि सरळ विचारलं. त्यांनी नाही म्हटलं नाही.

"त्या मोठ्या पेटीवर कवटीचं चित्र आहे, तिला हात लावला नाही," त्या म्हणाल्या. "लहान कपाटात फिरवला. नीट फिरवला, कोपऱ्याकोपऱ्यात. का गं पोरी, काही झालं का?"

त्यांना काहीच माहीत नव्हतं. भांडी धुणाऱ्या बाईला कोण काय सांगतं? मी सांगितलं. त्या ओल्या हातांनीच खाली बसल्या. बेगायिमच्या बशा आपण मारल्या हे समजायला त्यांना बराच वेळ लागला. मग त्यांनी डोक्याच्या रुमालाचं टोक तोंडाला लावलं.

"पण आपा, दृष्ट कोणाची काढलीत?"

त्यांनी ओले हात कपड्यांना पुसले.

"आपा."

"त्या बुधवारी पत्र वाचलं ना तिचं. मी बादली घेऊन दारात उभी होते," त्या म्हणाल्या. "सगळे टाळ्या वाजवत होते. तूही वाजवत होतीस. पण तुझा चेहरा मी पाहिला, पोरी. उपाशी माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे बघतो ना, तसा. मी म्हटलं, ही काही वाईट बाई नाही, पण नजर का कोणाच्या हातात असते?"

मला वाटलं होतं माझं जळणं माझ्यापाशी आहे.

"उद्या मी सांगते त्यांना," आपा म्हणाल्या. "धूर मी केला, सवयीनं केला, म्हातारीची अक्कल. का केला ते नाही सांगणार. तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. तुझी अब्रू झाकलेली राहील."

देवाशपथ, मला तो सौदा आवडला.

६

शुक्रवारी समितीसमोर आम्ही सगळे लांब टेबलाभोवती बसलो. आपा दाराजवळ उभ्या होत्या, त्यांना खुर्ची द्यायचं कोणाला सुचलं नाही. आगायांनी सगळं क्रमानं मांडलं: अदलाबदल नाही, खराब आरएनए नाही, प्राणवायू नाही, सिगारेट नाही, चार मिनिटं, आर्चा. मग आपा पुढे आल्या आणि ठरल्याप्रमाणे बोलल्या. सवयीनं केलं, म्हातारीची अक्कल.

रोझा असानोव्ना म्हणाल्या, अशा बाईला इथं ठेवता येणार नाही. विनाकारण, कोणाला न विचारता, चार मिनिटं दार उघडं टाकून जी असलं करते, ती उद्या काय करील याचा नेम नाही. आपांनी मान खाली घातली. मी सुटले होते. हाताची घडी घालून गप्प बसायचं, एवढंच बाकी होतं.

आगाय माझ्याकडे बघत होते. त्यांच्या तोंडात गोळी नव्हती.

"विनाकारण नाही," मी म्हणाले. "माझ्यामुळे केलं. मी बेगायिमवर जळते. ती आली त्या वर्षापासून जळते. तिला नळी धरायला मी शिकवलं आणि तिचं नाव पहिलं येतं, याचा मला त्रास होतो. पत्र वाचलं तेव्हा आपांनी माझा चेहरा पाहिला आणि त्या घाबरल्या. त्यांनी माझ्यापासून त्या पेशींना वाचवायला धूर केला. कपाटात काय असतं, दार किती वेळ उघडायचं, हे आपण त्यांना एकदाही सांगितलेलं नाही. एकोणीस वर्षांत मीही सांगितलं नाही. पेशींना मी हात लावला नाही. पण आपांनी जे पाहिलं ते खोटं नव्हतं."

आगायांनी कागद पुढे ओढला.

"अजून जळतेस?" आगायांनी विचारलं.

"अजून."

त्यांनी मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. निकाल सरळ लागला. आयसाल्किन निर्दोष. आपा राहतील, त्यांना काम समजावून सांगितलं जाईल. कपाटावर सूचना लागेल. चौथ्या रुग्णाच्या पेशी घेऊन प्रयोग पुन्हा होईल आणि जर्मनीला तसं कळवलं जाईल.

उठताना बेगायिम माझ्याजवळ आली. मला वाटलं माफी मागेल.

"म्हणजे शेवटी तुमच्या नजरेनंच झालं ना, एजे," ती हळूच म्हणाली.

मी हसायला तोंड उघडलं, कारण हा विनोद आहे असं मला वाटलं. आजूबाजूला पाहिलं. टेबलाभोवती दोन प्राध्यापक होते, एक शवचिकित्सक होता, आणि सगळ्यांचे मिळून पन्नासएक शोधनिबंध. कोणीही हसलं नव्हतं. झानार्बेकनं तर समोरचे आपले कागद पालथे घातले.

त्यानंतर कामाबद्दल मला कोणी काही बोललं नाही. चौथ्या रुग्णाचा आरएनए मीच काढला, दहापैकी साडेनऊ. पण मी खोलीत आले की बशांवर झाकणं पडतात. बेगायिम नळ्या देते तेव्हा माझ्या हातात देत नाही, टेबलावर ठेवते आणि मागे सरकते. माझ्या हातांनी मला निर्दोष सोडवलं आणि माझ्याच डोळ्यांनी पकडून दिलं. त्यावर अपील कुठं करायचं ते मला माहीत नाही.

दुसऱ्या आठवड्यात सकाळी लवकर गेले तर रोझा असानोव्ना उबदार कपाटापाशी वाकल्या होत्या. तीस वर्षं विज्ञान शिकवलेली बाई दाराच्या मुठीला लाल दोऱ्यानं काळा-पांढरा दृष्टमणी बांधत होती. मला पाहून दचकली.

"शोभेला," त्या म्हणाल्या आणि लगबगीनं निघून गेल्या.

मी एकटीच त्या कपाटासमोर उभी राहिले. मणी जुना होता, हातचा घडवलेला, बहुतेक त्यांच्या आईचा असावा. माझ्या एकोणीस वर्षांच्या कामाला कोणाची नजर लागेल, अशी भीती आजवर कोणाला वाटली नव्हती. मला त्या कपाटाचा हेवा वाटला.